ब्रेकनंतर लगेच परत येतोय, कुठेही जाऊ नका!

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की टीव्हीवरचे मोठमोठे सोहळे, फायनल मॅचेस आणि त्यातल्या जाहिराती यांबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, कारण लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं मी एका एजन्सीत मीडिया प्लॅनिंग केलंय, म्हणजे कुठल्या कार्यक्रमात कुणाची जाहिरात किती सेकंद लावायची याचे तक्ते भरत बसायचं काम. तर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं! निवडक घेतलीयेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, तुम्हीच घेतलेली टोपणनावं ठेवलीत.

ताई, मला अमेरिकन फुटबॉलचे नियम अजिबात कळत नाहीत, चेंडू गोल का नाही इथपासूनच माझी गाडी अडते. तरी दरवर्षी सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, बघायला मी अवेळी अलार्म लावून उठतो. बायको म्हणते नंतर हायलाइट्स बघ ना, पाच मिनिटांत होईल. तिचं बरोबर आहे हे कळतं, पण पुढच्या वर्षी परत अलार्म लावतोच. हे काय आहे? — अलार्मवाला

वहिनींचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे. हायलाइट्समध्ये खेळ मिळतो हो, पण "आत्ता सगळे हेच बघतायत" ही जी भावना असते ना ती मिळत नाही, आणि तुम्ही त्या भावनेसाठी उठता, फुटबॉलसाठी नाही.

याचा पुरावा म्हणून मला विजेचा आकडा फार आवडतो. ४ जुलै १९९० ला फुटबॉल वर्ल्ड कपची इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी सेमीफायनल पेनल्टीवर संपली आणि पुढच्या काही मिनिटांत ब्रिटनमध्ये विजेची मागणी २,८०० मेगावॉटनी उसळली, का तर इतका वेळ जागेवर खिळून बसलेली लाखो माणसं एकदम उठली, कुणी दिवे लावले, कुणी किटली लावली, बाथरूममध्ये जाऊन नळ सोडले आणि पाण्याचे पंप सुरू झाले. तिथल्या ग्रिडवाल्यांना टीव्हीचं वेळापत्रक समोर ठेवूनच काम करावं लागतं, कार्यक्रम कधी संपतो ते बघून जलविद्युत केंद्रं तयार ठेवायची. म्हणजे आपापल्या घरात एकेकटी बसलेली माणसं एका क्षणी एकच हालचाल करतात, आणि हे विजेच्या मीटरवर दिसतं!

आपल्याकडे २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, लोक टीव्हीला हार घालायचे, हे ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार. आता गोष्ट तर सगळ्यांना तोंडपाठ होती की, शेवट काय होणार याची कुणालाच उत्सुकता नव्हती. तरी बघायचंच, आणि त्या वेळेलाच बघायचं.

डॅनियल दायान आणि एलिहू कॅट्झ या दोन अभ्यासकांनी अशा थेट प्रक्षेपणाचे तीन प्रकार पाडले होते: स्पर्धा, विजयाची मोहीम आणि राज्याभिषेकासारखे सोहळे. चंद्रावर माणूस उतरला तो १९६९ चा प्रसंग मधल्या प्रकारातला. त्यांचा मुद्दा मला पटतो की अशा दिवशी टीव्ही बघणं म्हणजे वेळ घालवणं राहत नाही, तो एक सण होतो. सणाला "नंतर हायलाइट्स बघू" असं कोण म्हणतं? तेव्हा अलार्म लावत जा, फक्त वहिनींची झोप मोडू नका.

सुपर बोलमध्ये जाहिरातीच्या तीस सेकंदांना म्हणे ८० लाख डॉलर! एवढ्या पैशात वर्षभर रोज जाहिरात करता येईल. कंपन्यांना हिशेब कळत नाही की आपल्याला? — एक निवृत्त अकाउंटंट

काका, तुमचा प्रश्न वाचून मला आमचा जुना फायनान्स मॅनेजर आठवला, तोही दर वेळी हेच विचारायचा.

आधी गंमत ऐका. टीव्हीवरची पहिली रीतसर जाहिरात १ जुलै १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये लागली, बुलोव्हा घड्याळांची, बेसबॉलच्या मॅचआधी, आणि तिला खर्च आला ९ डॉलर. बघा, पहिली जाहिरातसुद्धा मॅचलाच चिकटून आली! मग १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये तीस सेकंदांचा दर साधारण ४० हजार डॉलरच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये काही स्पॉट ८० लाखांपर्यंत गेले. त्या २०२५ च्या मॅचला अमेरिकेत सरासरी १२ कोटी ७७ लाख प्रेक्षक होते.

आता तुम्ही लगेच भागाकार कराल आणि म्हणाल की डोक्यामागे काही फार पडत नाहीत. बरोबर, पण तोही अर्धाच हिशेब झाला. मायकेल च्वे नावाचे अमेरिकन प्राध्यापक आहेत, त्यांनी एक छान मुद्दा मांडलाय, मी माझ्या शब्दांत सांगते. समजा एका जाहिरातीनं १० कोटी माणसांना वर्षभरात वेगवेगळ्या दिवशी गाठलं, तर प्रत्येकाला ती वस्तू माहीत होते. पण तीच १० कोटी माणसं एकाच मिनिटाला ती बघत असतील तर प्रत्येकाला वस्तूही माहीत होते आणि बाकी सगळ्यांनाही ती माहीत झालीये हेही माहीत होतं. या दुसऱ्या माहितीचे पैसे आहेत हो! साबण घ्यायचा तर शेजारी काय वापरतो याच्याशी मला देणंघेणं नाही. पण नवीन कॉम्प्युटर, नवीन फोन, अंगावर मिरवायचे बूट, नवीन सिनेमा, यात "लोक काय घेतायत" हाच निम्मा निर्णय असतो. म्हणून अशा वस्तूंना मोठी मॅच हवी असते.

ॲपलचंच घ्या. २२ जानेवारी १९८४ च्या सुपर बोलमध्ये त्यांनी मॅकिंतॉशची एक मिनिटाची जाहिरात लावली, सिनेदिग्दर्शक रिडली स्कॉटनी केलेली. पडद्यावरच्या हुकूमशहासमोर राखाडी कपड्यातली माणसं बसलीयेत आणि एक बाई पळत येऊन हातोडा फेकते, बस, कॉम्प्युटर दिसतच नाही! कंपनीच्या संचालकांना ती अजिबात आवडली नव्हती, घेतलेला वेळ विकून टाका म्हणाले. एजन्सीनं तीस सेकंदांचा तुकडा विकला आणि एक मिनिटाचा काही विकला नाही (आमच्या धंद्यात अशा "विकला गेला नाही हो" च्या बऱ्याच कथा असतात, असो). देशभर ती त्या दिवशी एकदाच लागली आणि नंतर बातम्यांमध्ये फुकट दाखवली गेली, परत परत. तेव्हापासून सुपर बोलच्या जाहिराती हाच एक वेगळा कार्यक्रम झाला, दुसऱ्या दिवशी मॅचइतकीच चर्चा जाहिरातींची.

पण काका, तुमची शंका चुकीची नाहीये, पैसे बुडाल्याची उदाहरणंही ढीगभर आहेत. जानेवारी २००० च्या सुपर बोलमध्ये डॉटकॉम कंपन्यांची नुसती रांग लागली होती, त्यातल्या पेट्स डॉट कॉमचा मोज्याचा बाहुला लोकांना भयंकर आवडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. २०२२ मध्ये तोच खेळ क्रिप्टोवाल्यांनी केला. एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीच्या जाहिरातीत लॅरी डेव्हिड हा विनोदी नट चाकापासून प्रत्येक शोधाला "हे काही चालायचं नाही" म्हणत येतो आणि शेवटी एफटीएक्सलाही नाही म्हणतो, म्हणजे बघा हा किती मूर्ख, असा विनोद होता. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्सचं दिवाळं निघालं आणि त्या जाहिरातीत शहाणा तो एकटाच ठरला.

मी टेबलापलीकडे बसलेली असताना एक गोष्ट बघितलीये. फायनलचा स्पॉट घेणाऱ्या क्लायंटला कधीकधी ग्राहकाला काही सांगायचं नसतंच, त्याला डीलर्सना, बँकेला आणि मुख्य म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दाखवायचं असतं की आपल्याकडे एवढे पैसे आहेत. लग्नात कोण किती मोठा हॉल घेतं तसलाच प्रकार!

जाहिरात लागली की मी आवाज बंद करते. म्हणजे माझ्यावर परिणाम होत नाही ना? — म्यूटवाली

आवाज बंद केल्यावर कोणती जाहिरात चाललीये ते तुम्हाला ओळखता येतं का? येत असेल तर झालाय.

मी साठीचा क्रिकेटवेडा. शेवटचा चेंडू पडतो न पडतो तोच जाहिरात, विकेट पडली की बॅट्समन पॅव्हेलियनकडे वळायच्या आत जाहिरात, आणि खेळ चालू असताना पडदा आक्रसून कडेला परत जाहिरात. खेळ जाहिरातीसाठी आहे की जाहिरात खेळासाठी? — जुना स्कोअरर

स्कोअररकाका, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल की वाईट माहीत नाही, पण हे पहिल्या सुपर बोलपासूनच आहे. ती मॅच दोन चॅनेल्सवर लाइव्ह होती आणि दुसऱ्या हाफचा किकऑफ झाला तेव्हा त्यातलं एक, एनबीसी, अजून ब्रेकमधून परतलंच नव्हतं, तर चक्क किकऑफ परत करायला लावला! १९६७ मध्ये!

अमेरिकन फुटबॉलची मॅच तीन तासांच्या वर चालते आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सगळा वेळ मोजला तर भरतो जेमतेम ११ मिनिटं. बाकी वेळ उभं राहणं, रिप्ले आणि जाहिराती, आणि टीव्हीला ब्रेक हवाय म्हणून खेळ थांबवायची तिथे अधिकृत सोय आहे. त्या मानानं आपलं सॉकर, म्हणजे पायानं खेळायचा फुटबॉल, बरं, ४५ मिनिटं सलग चालतं, म्हणून तर तिथे जाहिरात जर्सीवर आणि मैदानाच्या कडेच्या बोर्डांवर गेली. १९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत झाला तेव्हा तिथल्या चॅनेल्सनी ब्रेक न घेता घड्याळाशेजारी स्पॉन्सरचा लोगो लावून काम भागवलं होतं.

क्रिकेट मात्र जाहिरातवाल्यांसाठी देवानंच बनवलंय, दर सहा चेंडूंनी आपोआप फट पडते. तरी पुरलं नाही. आयपीएलच्या दुसऱ्या वर्षी, २००९ मध्ये स्ट्रॅटेजिक टाइमआउट आला, तेव्हा प्रत्येक डावात साडेसात मिनिटांचा, मग ओरड झाल्यावर अडीच अडीच मिनिटांचे दोन केले. स्ट्रॅटेजी कुणाची ते तुम्हीच ठरवा. तुम्ही जे पडदा आक्रसण्याबद्दल म्हणता त्याला आमच्यात एल-बँड म्हणतात, उलट्या सुलट्या एल आकारात जाहिरात आणि उरलेल्या चौकोनात बिचारी मॅच. आणि भारतात टीव्हीचा रेट दहा सेकंदांवर बोलला जातो, त्यामुळे विकेट पडली की दहा सेकंद कुठे मिळतील यावर डोळा असतोच. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले, ते पैसे चॅनेलवाला वसूल कुठून करणार, तुमच्या त्या शेवटच्या चेंडूच्या रिप्लेतूनच की.

एक मात्र कबूल करा, टीव्हीनं खेळाचं सगळं वाटोळंच केलं असं नाही. केरी पॅकर नावाच्या ऑस्ट्रेलियन चॅनेलमालकाला क्रिकेटचे हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यानं १९७७ मध्ये स्वतःचीच क्रिकेट सिरीज काढली आणि त्यातून रंगीत कपडे, पांढरा चेंडू, फ्लडलाइटमधल्या मॅचेस हे सगळं रुळलं. टेनिसचा चेंडू पिवळा झाला तो टीव्हीवर दिसावा म्हणून.

आणि जाहिरात कुठे घालावी याची लाज पूर्वीही नव्हती. २ जून १९५३ ला ब्रिटनच्या राणीचा राज्याभिषेक झाला, तो अमेरिकेत दाखवताना एनबीसीनं मध्येमध्ये आपल्या रोजच्या कार्यक्रमातला चिंपांझी आणला, जे. फ्रेड मग्ज त्याचं नाव. ब्रिटिश लोक असे भडकले की "जाहिरातींवर चालणारा टीव्ही आला तर आपल्याकडेही हेच होईल" हा पार्लमेंटमध्ये मुद्दा झाला. पण दोन वर्षांत, २२ सप्टेंबर १९५५ ला तिथे जाहिरातीवाला चॅनेल सुरू झालाच, पहिली जाहिरात टूथपेस्टची.

अँबुश मार्केटिंग म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगाल का? प्रोजेक्ट आहे. — टीवायबीएमएम

मांडव एकानं घातलाय, आणि दुसरा दारात उभा राहून अशा थाटात पाहुण्यांचं स्वागत करतोय की सगळ्यांना यजमान तोच वाटावा.

सगळ्यात भारी उदाहरण आपल्याकडचंच, १९९६ चा क्रिकेट वर्ल्ड कप. अधिकृत पेय कोकाकोला, पैसे मोजले कोकनं, आणि पेप्सीनं घोषणा आणली "नथिंग ऑफिशियल अबाउट इट", म्हणजे आपण अधिकृत नाही हीच ऐट! तेव्हाची पोरं अजून ती घोषणा म्हणून दाखवतात. त्याच वर्षी अटलांटा ऑलिंपिकमध्ये रीबॉक अधिकृत स्पॉन्सर असताना ब्रिटिश धावपटू लिनफर्ड ख्रिस्ती पत्रकार परिषदेला आला तो डोळ्यांत प्यूमाच्या चिन्हाच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सच्या मॅचला ३६ बायका एकसारखे नारिंगी ड्रेस घालून बसल्या, ड्रेसवर मोठं नाव वगैरे काही नाही, पण तो ड्रेस बव्हेरिया नावाच्या बिअर कंपनीचा, तर त्यांना स्टेडियमबाहेर काढलं, दोघींवर केस झाली, नंतर मागे घेतली. आणि त्या केसमुळेच त्या बिअरचं नाव जगभर झालं. प्रोजेक्टमध्ये हे शेवटचं वाक्य जरूर घाल. आणि हो, "सुपर बोल" हे नाव ट्रेडमार्क आहे, म्हणून अमेरिकेत ज्यांनी पैसे भरलेले नाहीत ते जाहिरातीत नुसतं "बिग गेम" म्हणतात.

सुपर बोलच्या हाफटाइम शोमध्ये गाणाऱ्यांना किती पैसे मिळतात हो? — फॅनगर्ल

मानधन? तसं काही मिळत नाही. स्टेज, दिवे, नाचणारे, सगळ्या निर्मितीचा खर्च होतो, पण गाणाऱ्याला त्या गाण्याची फी नाही. म्हणजे ती बारा-तेरा मिनिटं हीच त्या कलाकाराची जाहिरात झाली. पूर्वी हा कार्यक्रम अगदी शाळेच्या गॅदरिंगसारखा असायचा, बँड पथकं वगैरे. १९९२ मध्ये फॉक्स चॅनेलनं नेमकं हाफटाइमलाच आपला विनोदी कार्यक्रम लावला आणि दोन कोटींवर लोक तिकडे गेले, मग दचकून पुढच्या वर्षी मायकेल जॅक्सनला आणलं. तो स्टेजवर आला आणि मिनिटभराहून जास्त नुसता उभा राहिला, हललाच नाही! जगातल्या सगळ्यात महाग वेळेत काहीही न करता उभं राहायला काय छाती लागते, मला तर त्याच्या नाचापेक्षा ते उभं राहणंच जास्त आवडतं.

माझा मुलगा सात वर्षांचा. मॅच बघताना जाहिराती पाठ करतो, "आई आपण हे का घेत नाही" हे रोजचं. मोठा पंधराचा, त्याचे आवडते खेळाडू ज्या ज्या ॲपची जाहिरात करतात ते त्याला हवं असतं. टीव्हीच बंद करू का? — दोघांची आई

बंद करू नका, शेजारी जाऊन बघतील.

धाकट्याचं आधी. साधारण आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला आलीये हे नीट उमगतच नाही, त्यांना ती कार्यक्रमाइतकीच खरी वाटते. हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००४ मध्येच मांडलंय, आणि स्वीडनमध्ये तर बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच बंदी आहे. तेव्हा त्याच्यावर चिडू नका. आमच्या घरी आम्ही एक खेळ खेळायचो, जाहिरात सुरू झाली की ती कशाची आहे ते नाव यायच्या आधी ओळखायचं. पोरं त्यात इतकी तरबेज झाली की पुढे पुढे "हे काय विकतायत" हे स्वतःच विचारायला लागली. आपोआप झालं, मी काही फार विचार करून केलं नव्हतं.

मोठ्याचं जरा अवघड आहे, कारण त्याला विकतायत हे कळतं आणि तरी हवं असतं. त्याच्याशी पैशांचं सरळ बोला. खेळाडू ॲप वापरतो म्हणून जाहिरात करत नाही, पैसे मिळतात म्हणून करतो, आणि उद्या दुसऱ्यानं जास्त दिले तर त्याची करेल. पैसे लावून खेळायच्या ॲप्सचं उदाहरण ताजं आहे. काही वर्षं त्या जाहिरातींशिवाय एक ओव्हर जायची नाही, भारतीय टीमच्या जर्सीवरसुद्धा तसलंच एक नाव होतं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून अशा गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आणली. जर्सीवरचं नाव गेलं. जाहिराती करणाऱ्यांनी नंतर "आम्ही चुकीचं सांगत होतो" असं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. दारूच्या जाहिरातीला टीव्हीवर बंदी आहे तर त्याच नावाचा सोडा आणि त्याच नावाच्या म्युझिक सीडी येतात हेही त्याला दाखवा. पंधराव्या वर्षी आपल्याला कुणीतरी गंडवतंय हे कळलं की पोरं जाम चिडतात, तो राग कामाला येतो.

आता जो तो आपापल्या फोनवर बघतो. मग हे सगळे एकत्र बघणारे सोहळे संपणार का? — एक उदास मीडिया स्टुडंट

उदास होऊ नकोस, मालिका आणि सिनेमांचं ते झालंय खरं, कुणी कधी बघतं कुणी कधी. पण त्यामुळेच लाइव्हची किंमत वाढलीये, कारण ठरल्या वेळेला सगळ्यांना बसवणारी तेवढी एकच गोष्ट उरली. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कप फायनल झाली तेव्हा हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख लोक होते, तेही नुसत्या एका ॲपवर. (आणि हो, "दोन अब्ज लोकांनी बघितलं" असलं काही वाचलंस तर आधी विचार, एका क्षणी की सगळे मिळून, सरासरी की मिनिटभर डोकावून गेलेले धरून? आमच्यात याच फरकावर भांडणं व्हायची.)

बदललंय ते वेगळंच. स्ट्रीमिंग टीव्हीच्या मागे असतं, कुठे दहा सेकंद, कुठे तीस. त्या फायनलला आम्ही फोनवर बघत होतो, खालच्या मजल्यावर केबल. बॉलर अजून रनअपवर असायचा आणि खालून "अरेरेरे" ऐकू यायचं. म्हणजे विकेट गेली हे कळलेलं, फक्त कशी गेली ते बघायचं बाकी! चार ओव्हर्स सहन केलं आणि मग फोन बंद करून सगळेच्या सगळे खाली जाऊन बसलो, दार उघडंच होतं.